वास्कोचे नगर आणि दामोदराचा सप्ताह

कोणत्या समाजाने कोणाचे स्मरण करावे, हा प्रश्न जितका इतिहासाचा तितकाच रुचीचाही आहे. ग्रंथाचे परीक्षण करताना आशय आणि रूप यांचा मेळ बसला आहे की नाही हे आपण पाहतो. उत्सवाचे परीक्षणही त्याच कसोटीवर करण्यास हरकत नसावी. उत्सवालाही नायक असतो, कथानक असते आणि ते कथानक आपलेसे मानणारा एक श्रोतृवर्ग असावा लागतो. ही तिसरी गोष्ट नसेल, तर पहिल्या दोन कितीही भव्य असोत, उत्सव उभा राहत नाही. राहतो तो केवळ समारंभ. वास्को द गामा या दर्यावर्द्याच्या स्मरणार्थ आजवर जे जे झाले, त्याकडे या दृष्टीने पाहण्याचा येथे विचार आहे.

तुलनेसाठी प्रथम कोलंबसाकडे वळू. १४९२ च्या १२ ऑक्टोबरला तो अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर उतरला. त्या दिवसाची राष्ट्रीय सुटी अमेरिकेत १९३७ पासून पाळली जात आहे. तो उत्सव तेथे रुजला याचे कारण कोलंबसाच्या थोरवीत शोधण्यापेक्षा इटलीतून त्या देशात गेलेल्या लोकांच्या गरजेत शोधावे. परक्या देशात हेटाळणी सोसणाऱ्या त्या समाजाला 'आमचाच माणूस येथे सर्वांच्या आधी आला' असे सांगण्याची निकड होती. म्हणजे नायकाला श्रोतृवर्ग लाभला होता. पुढे १९९२ साली बर्कली या नगराने तोच दिवस तेथील मूळ रहिवाशांच्या नावाने पाळण्यास आरंभ केला आणि अनेक नगरांनी व राज्यांनी तो पायंडा उचलला. एकाच तारखेला दोन श्रोतृवर्ग आणि दोन कथानके समोरासमोर उभी ठाकली. गामाच्या बाबतीत गोमंतकात असे कधीच घडले नाही. येथे त्याच्या उत्सवाला विरोधक पुष्कळ मिळाले. परंतु तो आपल्या घरचा मानून वर्षानुवर्षे साजरा करणारे लोक मात्र मिळाले नाहीत. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता कथानकाकडे येऊ. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन गामा लिस्बनहून निघाला आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यात कालिकतच्या जवळ पोहोचला. आफ्रिकेला वळसा घालून केलेला हा प्रवास धैर्याचा होता, हे नाकारण्यात पुरुषार्थ नाही. पण त्याला 'शोध' हा शब्द लावताना जरा थांबले पाहिजे. मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्याच्या मदतीने गामाने अरबी समुद्र अवघ्या २३ दिवसांत ओलांडला. परतताना वाटाड्या नव्हता आणि वाऱ्याचा ऋतू ओळखण्याइतका धीरही नव्हता. तेव्हा अंजदीव बेटावरून ऑक्टोबरमध्ये निघालेली जहाजे मालिंदीला जानेवारीत कशीबशी लागली आणि वाटेत सुमारे ३० माणसे हिरड्या सुजून, अंग फुटून मेली. समुद्र तोच, जहाजे तीच, कप्तानही तोच! फरक होता तो सुकाणूजवळ उभ्या असलेल्या एका माणसाच्या ज्ञानाचा. त्या वाटाड्याच्या नावाविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी त्याला अरब म्हणतात, कोणी गुजराती. ज्याला वाट ठाऊक होती त्याचे नाव हरवावे आणि ज्याने ती विचारली त्याचे नाव नगराला मिळावे, हा या कथानकातील पहिला दोष होय.

दुसरा दोष याहून भयंकर आहे. १५०२ सालच्या दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे 'मिरी' नावाचे यात्रेकरूंचे जहाज मलबारच्या समुद्रात अडवले, लुटले आणि आतील शेकडो माणसांसह पेटवून दिले. बायका आपली लेकरे हातांत उंच धरून दयेची याचना करीत होत्या, ही हकीकत कोणा शत्रूने रचलेली नव्हे. ती त्याच आरमारातील तोमे लोपिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवली आहे. महाकवी कामोइंशच्या १५७२ साली छापलेल्या महाकाव्याचा गामा हा नायक. परंतु कवीने पहिली सफर निवडली आणि दुसरी टाळली. काव्याला असा विवेक शोभतो. नागरी उत्सवाला तो शोभत नाही, कारण उत्सव माणसाचे एखादे पर्व निवडीत नाही. तो सबंध माणसालाच मखरात बसवितो.

या मखराचा सर्वांत जुना नमुना जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी उभा आहे. गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा १५९७ साली व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याने पणजोबाच्या स्मरणार्थ ही कमान उभारून तिच्या कोनाड्यात त्याचा पुतळा बसविला. नवा व्हाइसरॉय आला की त्याचा नगरप्रवेश याच कमानीतून व्हावयाचा. स्मारक म्हणून तिची योजना चतुर आहे, यात शंका नाही: आत येणाऱ्या प्रत्येकाला मान वर करावीच लागते. त्याच कमानीवर, पायाखाली एका पाडलेल्या माणसाला तुडवून उभी असलेली स्त्रीमूर्तीही आहे. तो पायाखालचा माणूस कोण, हे या भूमीतील वाचकास सांगणे नलगे. पण इतिहासाचा विनोद असा की, गामाचा पुतळा प्रथम फोडला तो कोणा हिंदूने वा मुसलमानाने नव्हे. फ्रान्सिस्कोच्या कारभाराला विटलेल्या पोर्तुगीजांनीच तो खाली ओढून त्याचे तुकडे केले. पुढे काही वर्षांनी तो पुन्हा बसविण्यात आला. ती कमानही १९५३ साली ढासळली आणि १९५४ साली पुन्हा बांधण्यात आली. सत्तेच्या आधारावर उभ्या असलेल्या स्मरणाची पुनःपुन्हा डागडुजी करावी लागते, असाच याचा अर्थ आहे.

याच्या उलट केरळात कप्पड येथे एक साधा दगडी स्तंभ आहे. गामा १४९८ साली येथे उतरला, एवढेच तो सांगतो. त्यात ना स्तुती आहे, ना निंदा. वाङ्मयाच्या भाषेत बोलावयाचे तर ते विशेषणाविना लिहिलेले वाक्य आहे आणि म्हणूनच ते कमानीपेक्षा अधिक खरे वाटते.

१८९८ साली चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा पोर्तुगालने मोठा समारोह केला. लिस्बनमध्ये गामाच्या नावाचे मत्स्यालय उघडले, पोर्तुगाल व वसाहतींसाठी टपालाची खास तिकिटे निघाली. या थाटामागील मनःस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८९० साली इंग्लंडने आफ्रिकेतील प्रदेशावरून निर्वाणीचा खलिता धाडून पोर्तुगालला माघार घ्यावयास लावली होती. त्या अपमानावर पूर्वजाच्या पराक्रमाची मलमपट्टी हवी होती. गोव्यातील चित्र तर याहून बोलके होते. १८९५ साली आफ्रिकेत जाण्याचा हुकूम झालेल्या मराठा शिपायांनी बंड केले, सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले आणि ते शमविण्यासाठी पोर्तुगालहून राजपुत्राला सैन्यासह यावे लागले. ज्या भूमीत जाण्याची वाट सापडली म्हणून दिवे लावावयाचे, त्या भूमीतील माणसे त्याच वाटेने उलट जाण्यास नकार देत होती.

आणि नेमक्या याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, मुरगाव बंदरालगतच्या, गामाचेच नाव धारण करणाऱ्या गावात एक वेगळा उत्सव जन्माला आला. प्लेगच्या साथीने माणसे मरत होती. तेव्हा गावकरी जांबावलीस श्रीदामोदराकडे गेले, त्याच्या प्रसादाचे श्रीफळ घेऊन आले आणि त्यापुढे त्यांनी अखंड भजन मांडले. साथ ओसरली, भजन मात्र राहिले. आज सव्वाशे वर्षे श्रावणात नागपंचमी झाली की वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह भरतो. नावाने सप्ताह असला तरी अखंड भजन एका अहोरात्राचे. रात्री निरनिराळ्या समाजांचे पार वाजतगाजत येतात, दुसऱ्या दिवशी जुन्या श्रीफळाचे समुद्रात विसर्जन होते, आणि फेरी मात्र कितीतरी दिवस चालते. तिच्यात सर्व धर्मांची माणसे असतात.

या उत्सवाचा गाभा पाहिला म्हणजे मन थक्क होते. दामोदर हे मूळचे मडगावचे दैवत. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळांचा विध्वंस झाला तेव्हा भक्तांनी त्याला पोर्तुगीज हद्दीबाहेर जांबावलीस नेले. म्हणजे गामाने उघडलेल्या वाटेने जे आले त्यांच्यामुळे हा देव निर्वासित झाला, आणि तीन शतकांनंतर तोच श्रीफळाच्या रूपाने गामाच्या नगरीत परत आला: सूड घ्यावयास नव्हे, रोगी माणसांना धीर द्यावयास. हा योग कोणी आखला नव्हता, कोणी त्याची घोषणा केली नाही. परंतु नगराच्या नावाने जे सांगावयाचे ठरविले होते त्याला नगराच्या लोकांनी दिलेले इतके सौम्य आणि इतके निर्णायक उत्तर दुसरे कोणते असेल? पाटीवर वास्को राहिला. वर्षाचा सण दामोदराचा झाला.

आम्हां पेडणेकरांना हा विषय थोडा दुरून दिसतो आणि त्या अंतराचाही उपयोग आहे. तेरेखोल व शापोरा या नद्यांमधला आमचा मुलूख 'नव्या काबिजादी'तला. कमळेश्वराच्या कोरगावास पोर्तुगीज अंमल आला तो १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून. म्हणजे गामा कालिकतला उतरल्यावर २९० वर्षांनी. तोवर देव आपापल्या राउळांत होते. म्हणून आमच्या पंचांगात गामाला जागा कधीच नव्हती. पेडण्याची पुनव होती, रवळनाथ-भूतनाथाची तरंगे होती. उलट एक मौजेची गोष्ट अशी की, १७४६ साली आमचा हळर्णचा किल्ला घेतला म्हणून एका व्हाइसरॉयला 'मार्केज द आलोर्ना' हा किताब मिळाला आणि आमच्या खेड्याचे नाव पोर्तुगालच्या सरदारघराण्यात जाऊन बसले. मुरगावास त्यांनी आपले नाव दिले, पेडण्याचे नाव मात्र ते स्वतः लेवून गेले! नावांचा हा व्यापार असा दुतर्फा असतो; त्यावरून कोणी कोणाला जिंकले याचा निवाडा करू गेल्यास फसगत होते.

१९९८ साली पाचशे वर्षे झाली. लिस्बनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले, तेगूश नदीवरच्या प्रचंड पुलाला गामाचे नाव मिळाले. येथे मात्र गोव्यात आणि केरळात निषेध झाले, आणि तो निषेध योग्यच होता. ज्याच्या आगमनाने धर्मसमीक्षणाचा आणि साडेचार शतकांच्या परसत्तेचा दरवाजा उघडला, त्याच्या नावाने पाहुण्यांसह मेजवानी झोडणे हे स्वतंत्र नागरिकाला शोभले नसते. या वाटेने मिरची आली, काजू आला, १५५६ साली छापखाना आला आणि १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले, असे काही सज्जन म्हणतात. हे सारे खरे आहे आणि त्याविषयी कृतज्ञ असण्यात कमीपणाही नाही. परंतु त्याचे श्रेय गामाच्या खाती जमा होत नाही. तो छापखाना मुळात अबिसिनियाला निघाला होता. गोव्यात राहिला तो योगायोगाने. आणि 'क्रिस्तपुराण' थोर झाले ते स्टीफन्सने आमची भाषा शिकून घेतली म्हणून. गामाच्या जहाजावर तोफा होत्या. शिकण्याची ती वृत्ती नव्हती.

मग नगराचे नाव बदलावे काय? वास्कोचे 'संभाजीनगर' करावे अशी मागणी होत आली आहे. त्यामागची भावना मी समजू शकतो. छत्रपती संभाजीराजांनी पोर्तुगीजांना जेरीस आणले, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही माझे मत या मागणीच्या बाजूने पडत नाही. पाटी बदलली की आपण इतिहासाचे कर्ज फेडले, असे समाधान मिळते आणि वाचनाची गरज संपते. वास्को हे नाव आज रेल्वेच्या फलाटावर, खलाशाच्या आणि बाजारकराच्या तोंडी आपला मूळ मालक विसरून गेले आहे. त्याला डिवचून पुन्हा जागे का करावे? एका वीराच्या जागी दुसरा बसविल्याने मखराची सवय मोडत नाही. जुन्या गोव्यातील कामोइंशचा पुतळा फोडण्याऐवजी संग्रहालयात ठेवला गेला. तेथे तो दिमाखाने मिरवत नाही आणि कोणाला दुखवीतही नाही. हा मार्ग मला अधिक प्रौढ वाटतो.

करावयाचेच असेल तर एक करावे. १४९८ चा धडा शाळेत शिकविताना मालिंदीहून कालिकतपर्यंतचे ते २३ दिवस आणि परतीचे ते तीन महिने मुलांपुढे शेजारी शेजारी मांडावेत. कालिकतचे बंदर, अरब व गुजराती नाखवे, कोकणचे तांडेल आणि मोसमी वाऱ्यांचे पिढीजात ज्ञान यांची ओळख करून द्यावी. 'मिरी' जहाजाची हकीकत वगळू नये आणि गामाच्या धैर्याचे वाक्यही खोडू नये. इतके झाले तर वार्षिक सोहळ्याची उणीव कोणालाच भासणार नाही. सोहळा हवाच असेल, तर तो श्रावणात आहेच: समुद्रकाठच्या त्या नगरात, रात्रभर टाळ वाजत असताना, जेथे नायक म्हणून एक नारळ पुरेसा होतो.