कर्णा आणि कंठ : जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या आस्वादातील एक समस्या

किराणा घराण्याच्या गायकीची समीक्षा उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकांवाचून पुरी होत नाही. या ध्वनिमुद्रिका दोन भिन्न काळांतील आहेत. १९०५ च्या सुमाराच्या मुद्रिका विजेविना, केवळ कर्ण्यापुढे गाऊन तयार झाल्या. १९३४ ते १९३६ मधील मुद्रिकांना मायक्रोफोनचे साहाय्य लाभले. पहिल्या वेळी खाँसाहेब तिशीत होते, दुसऱ्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती. दोहोंची तुलना करताना ऐकू येणाऱ्या सुरात कंठाचा वाटा किती व कर्ण्याचा किती, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो.

कर्ण्याच्या पद्धतीत साधारणतः १७० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उमटे. त्यातही कर्ण्याचे अनुनाद काही भाग उठवीत, तर काही दाबीत. त्यामुळे ‘पातळ’ वा ‘अनुनासिक’ ही विशेषणे गायकाची की यंत्राची, हे तपासणे अगत्याचे ठरते.

हीच मुद्रिका आज घरी काँप्रेशन ड्रायव्हर असलेल्या स्पीकरवर ऐकली, तर दुसरा कर्णा मध्ये येतो. ड्रायव्हरच्या पडद्याच्या वस्तुमानामुळे वरच्या पट्टीतील ऊर्जा सप्तकामागे सुमारे ६ डेसिबलने उतरते. ध्वनी सर्व पट्ट्यांत सारखाच रुंद पसरवणाऱ्या कर्ण्यात ही उतरण इक्वलायझरने भरून काढता येते. मात्र कर्ण्याच्या कडांवरून विखुरणाऱ्या लहरींचे चढउतार कोनानुसार बदलतात. केवळ समोरून मोजून आलेख सपाट केल्यास बाजूला बसलेल्या श्रोत्यासाठी नवा दोष निर्माण होतो. म्हणून मोजणी अनेक कोनांतून हवी आणि सर्व कोनांत सारखा आढळणारा दोषच सुधारावा.

घरातील कर्णा निदान मोजता तरी येतो. ध्वनिमुद्रणाचा कर्णा मात्र समोर नसतो. थॉमस स्टॉकहॅम यांनी १९७५ मध्ये यावर उपाय मांडला. एन्रिको कारुसो यांच्या जुन्या मुद्रिकेची सरासरी ध्वनिरचना युसी ब्यर्लिंग यांच्या नंतरच्या मुद्रणाशी ताडून त्यांनी कर्ण्याचे अनुनाद अजमावले. उपाय कल्पक खरा. परंतु दोन मुद्रणांतील सर्व फरक कर्ण्याचाच, हे त्यातील गृहीतक वादग्रस्त आहे. दोन कंठांतील फरकही त्या हिशेबात मिसळतो. खाँसाहेबांच्या बाबतीत त्यांच्याच उत्तरकालीन मुद्रिका मापदंड मानल्या, तरी तीस वर्षांच्या वयाचा फरक उरतोच. शिवाय जे मुळात उमटलेच नाही, ते कोणतेही समीकरण परत आणू शकत नाही.

सारांश, स्वर लावण्याची रीत, मींड, लय आणि बढतीचा क्रम यांविषयी जुनी मुद्रिका बऱ्याच अंशी विश्वसनीय साक्ष देते. मात्र तिच्या सुमारे तीन मिनिटांच्या मर्यादेचे भान हवे. नादाच्या रंगाविषयी तिची साक्ष दुर्बळ आहे. हा विवेक सुटल्यास कर्ण्याचा दोष घराण्याचे वैशिष्ट्य म्हणून विद्यार्थ्यांच्या गळ्यात उतरण्याचा धोका संभवतो.