सेंट पॉलचा घुमट आणि देखाव्याचा हक्क

देखावा ही वस्तू कोणाच्या मालकीची, या प्रश्नाला इंग्लिश न्यायासनाने १६१० सालीच एक उत्तर देऊन ठेवले आहे. ऑल्ड्रेडच्या त्या प्रसिद्ध खटल्याचे मूळ कारण होते शेजाऱ्याच्या डुकरांची दुर्गंधी. सौंदर्याच्या हक्काचा निवाडा त्यात ओघाओघानेच होऊन गेला. प्रकाश आणि निर्मळ हवा या निवासाच्या गरजा ठरल्या. रम्य देखावा मात्र निव्वळ आनंदाचा विषय असल्याने तो हिरावला गेला तरी दावा चालणार नाही, असे मत नोंदले गेले. भारतातील १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातही वीस वर्षांच्या वहिवाटीने प्रकाश व हवा यांचा हक्क संपादन करता येतो. देखाव्याला तेथे असे स्थान नाही. लंडन शहराने १९३० नंतरच्या दशकात सेंट पॉल कॅथीड्रलभोवती उंचीचे जे निर्बंध स्वीकारले, त्यांचे मोल या पार्श्वभूमीवर जोखले पाहिजे.

ख्रिस्तोफर रेनने १६७५ ते १७१० या काळात उभारलेले हे कॅथीड्रल ३६५ फूट उंच आहे. १८९४ च्या लंडन इमारत कायद्याने साधारण इमारतींना ८० फुटांची मर्यादा घातली होती. घुमटाचे रक्षण हा त्या कायद्याचा हेतू नव्हता, परंतु परिणाम मात्र तोच झाला. ही मर्यादा पुरेशी नाही, हे १९३३ साली उभ्या राहिलेल्या फॅरडे इमारतीने दाखवून दिले. टेलिफोन यंत्रणेसाठी बांधलेल्या या प्रचंड वास्तूने थेम्सच्या बाजूने दिसणारे कॅथीड्रलचे दर्शन अडविले. तेव्हा कॅथीड्रलच्या वास्तूची देखभाल पाहणारे गॉडफ्री ॲलन यांनी निवडक ठिकाणांहून तिच्या वरच्या भागाकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा आखल्या आणि त्या रेषांना बाध येणार नाही अशा बेताने आसपासच्या भूखंडांची उंची ठरविली. ही योजना प्रथम चालली ती कायद्याच्या सक्तीने नव्हे, परस्पर संमतीने. तिचा खरा गुण असा की, अमुक जागी अमुकच उंची का, याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येते. ‘परिसराच्या वैभवाला बाधा’ यांसारख्या मोघम शब्दांवर तिला विसंबून राहावे लागत नाही.

परंतु या पद्धतीत एक गृहीतकृत्य दडलेले आहे. नगर म्हणजे दुरून पाहावयाचे चित्र, हे ते गृहीतकृत्य होय. कॅथीड्रलच्या उत्तरेला पॅटर्नोस्टर रो ही ग्रंथप्रकाशकांची व पुस्तकविक्रेत्यांची जुनी पेठ होती. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री बाँबवर्षावात ती जळाली आणि लक्षावधी ग्रंथ भस्मसात झाले. धुराच्या लोटांतून अभंग वर आलेला घुमट दाखविणारे हर्बर्ट मेसन यांचे छायाचित्र त्याच रात्रीचे. घुमट राष्ट्राचे प्रतीक म्हणून लोकांच्या मनात ठसला तो या छायाचित्रामुळे. आणि त्या चित्राच्या तळाशी दिसतात त्या जळालेल्या इमारतींच्या पोकळ भिंती. दृष्टिरेषांच्या हिशेबात पाहिले तर त्या रात्री काहीच बिघडले नव्हते. किंबहुना ढिगारे उपसल्यावर कॅथीड्रल पूर्वी कधी नव्हते इतके मोकळे दिसू लागले, आणि हा मोकळेपणा तसाच राखावा असे म्हणणारेही निघाले. वास्तविक, गल्लीबोळांच्या दाटीतून अवचित वर दिसणारा घुमट हाच तेथील रहिवाशाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. ‘ऐतिहासिक देखावा’ म्हणून ज्याचा कैवार घेतला जातो, तो पुष्कळदा असा नजीकच्या काळातला असतो.

विल्यम होलफर्ड यांच्या १९५६ च्या आराखड्याला ही जाण होती. कॅथीड्रल एकदम सामोरे न येता टप्प्याटप्प्याने उलगडावे, ही त्यामागील कल्पना समर्थनीयच म्हणावी लागेल. प्रत्यक्षात लडगेट हिलकडून येणाऱ्याच्या दृष्टीआड पश्चिम दर्शनीचा काही भाग नेणारे जक्सन हाउस, आणि वाऱ्याने झोडपलेली, माणसांनी टाळलेली चौकटबंद प्रांगणे एवढेच पदरी पडले. उंचीचा नियम पाळूनही परिसर निर्जीव होऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. तो सारा पसारा पाडून २००३ साली नवा पॅटर्नोस्टर चौक पुरा झाला. पुस्तकांची पेठ मात्र परतली नाही.

दुसरा दोष पार्श्वभूमीचा. रिचमंड पार्कमधील किंग हेन्री टेकाडावरून, दहा मैलांहून अधिक अंतरावर, कुंपणाच्या झुडुपांत राखलेल्या फटीतून घुमट दिसतो. १९९१ मध्ये हा देखावा संरक्षित देखाव्यांच्या यादीत आला. तरीही २०१६ साली, घुमटाच्याही पलीकडे कित्येक मैल असलेल्या स्ट्रॅटफर्ड येथील ४२ मजली इमारतीने त्याच्या मागचे आकाश व्यापले. समोरचा अडथळा दूर ठेवण्यास समर्थ असलेला नियम मागच्या आकाशाच्या बाबतीत तोकडा पडला. याउलट २०१४ साली पुरी झालेली २२५ मीटर उंचीची लेडनहॉल इमारत पाहावी. फ्लीट स्ट्रीटवरून दिसणाऱ्या घुमटाला जागा देण्यासाठी तिची एक बाजू वर निमुळती होत गेली आहे. लंडनकर तिला ‘किसणी’ म्हणतात. तिच्या सौंदर्याविषयी मतभेद संभवतो. पण बंधनातूनच तिला आकार लाभला, हे नाकारता येणार नाही.

देखाव्यासाठी जमिनीचा विकास रोखणे ही सुखवस्तूंची चैन होय, असा आक्षेप घेतला जातो. जागेच्या टंचाईने गांजलेल्या नगरात तो हसण्यावारी नेता येत नाही. मात्र लंडनमध्ये उंच इमारती थांबल्या नाहीत. दृष्टिरेषांनी मोकळ्या सोडलेल्या पूर्वेकडील पट्ट्यात त्या एकवटल्या. शिवाय प्रिमरोझ हिल, पार्लमेंट हिल, ग्रीनिच, वेस्टमिन्स्टरचा धक्का ही निरीक्षणस्थाने सर्वांना खुली आहेत. त्यांत कोणाची खासगी खिडकी नाही. हा भेद मुंबईतील चर्चेत क्वचितच केला जातो. मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातून चौपाटी व बॅकबे दिसत राहावे म्हणून तेथील उतारावरील इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहे. त्याच नगरीत समुद्राचे दर्शन सदनिकेच्या किमतीत धरून विकलेही जाते. उद्यानात येणाऱ्याचा देखावा आणि सदनिकाधारकाचा देखावा यांना एकाच तागडीत घालून उंचीचा वाद घालणाऱ्यांनी प्रथम कोणाच्या डोळ्यांविषयी आपण बोलत आहोत, एवढे तरी सांगावयास हवे.