सातला की शनिवारी?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. रोमन अक्षरांत आधी के-ए-एल, मग ‘मीटिंग’, मग एस-ए-टी आणि शेवटी एल-ए. बस्स. क्रियापद नाही, तारीख नाही, जागा नाही. मराठी माणूस के-ए-एल हे ‘काल’ असं वाचतो आणि मीटिंग होऊन गेली, आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही, म्हणून मनातल्या मनात चिडतो. हिंदीभाषक शेजारी तेच ‘कल’ असं वाचतो, आणि हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही होतं आणि उद्याही. पुढचं एस-ए-टी म्हणजे सात वाजता, की इंग्रजी सॅटर्डेचं लघुरूप? सहा अक्षरांत तीन भाषा आणि चार अर्थ. पाठवणाऱ्याला मात्र यात अवघड काहीच दिसत नाही, कारण मीटिंग कधी आहे हे त्याला आधीच माहीत आहे.

हा लेख अशा लिहिण्याबद्दल आहे. मराठी बुडाली म्हणून गळा काढणारे लेख पुष्कळ आहेत, त्यात आणखी एकाची भर टाकायची नाही. उलट मला असं वाटतं की मेसेजातल्या मराठीवर आपल्याकडे जी टीका होते, ती बहुतेक वेळा भलत्याच जागी होते.

प्रत्येक ग्रुपवर एक तरी काका असे असतात, की कुणी ‘आणी’ लिहिलेलं दिसलं की लगेच खाली ‘आणि’ असं लिहून टाकतात. १९६२ साली ठरलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे काकांचंच बरोबर आहे. पण ‘आणी’ वाचून आजवर कुणाची गाडी चुकलेली नाही. गाडी चुकते ती सात आणि शनिवार यांचा घोळ झाला की. शुद्ध लिहिणं आणि कळेल असं लिहिणं हे दोन वेगळे गुण आहेत. शुद्ध पण अजिबात न कळणारी मराठी वाचायची असेल तर एखादं सरकारी परिपत्रक उघडावं. अशुद्ध पण लख्ख मराठी हवी असेल तर दुकानातली ‘आज रोख ऊद्या ऊधार’ ही पाटी पाहावी. दोन ऊ चुकलेत, निरोप पोचलाय. काका ‘आणी’ दुरुस्त करतात, पण मीटिंग नक्की कधी, हे विचारत नाहीत. आपल्या टीकेची गंमत ही आहे.

रोमन अक्षरांत मराठी लिहिणं हा नुसता आळस आहे, असं म्हणणंही अन्यायाचं आहे. त्याला चांगलं रोकडं कारण होतं. एसएमएसमध्ये एका मेसेजला १४० बाइट जागा मिळते. साध्या रोमन अक्षरांत तेवढ्यात १६० अक्षरं मावतात. देवनागरीला युनिकोड लागतं आणि त्यात त्याच जागेत फक्त ७० मावतात. वर काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, फोन त्याचे आठ धरतो. म्हणजे मराठीत मराठी लिहिलं की निम्म्याहून कमी मजकूर बसायचा. त्यात दिवाळीसारख्या सणांना एसएमएसचा पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजचे पूर्ण पैसे पडायचे. एवढं करून पाठवलं तरी समोरच्याच्या फोनवर देवनागरी उमटेल याची खात्री नसायची, रिकाम्या चौकोनांची रांग दिसायची. अशा वेळी कुणी रोमन अक्षरं धरली, स्वर गाळले, क्रियापदं कापली, तर त्याने शहाणपणाच केला.

आता यातलं काहीच उरलेलं नाही. रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटवणारे कीबोर्ड फोनवर आहेत, आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘स्वरचक्र’ आहे, बोललेलं लिहून देणारा माइक आहे. मेसेजात किती अक्षरं झाली हे कुणी मोजत नाही. कारण गेलं आणि सवय राहिली.

या सवयीत नेमकं काय हरवतं? ल आणि ळ एक होतात. न आणि ण एक होतात. त आणि ट, द आणि ड यांची सरमिसळ होते. अ आणि आ या दोघांना मिळून एकच ए. त्यामुळे एम-ए-एल-ए म्हणजे मला, मळा, माळा किंवा माला. ‘कधी’ आणि ‘कढी’ यांचं स्पेलिंग एकच, त्यामुळे ‘कधी केली?’ या प्रश्नाला ‘दुपारी, ताक उरलं होतं’ असं उत्तर येऊ शकतं. ‘केला’ आणि ‘केलं’ दोघांचंही के-ई-एल-ए होतं, आणि हिंदीवाल्याच्या ताटात ते केळं होऊन पडतं.

इथवर हसण्यासारखं आहे. पण क्रियापद गाळलं की हसू थांबतं. मराठीचं क्रियापद फार काम करतं: कोण, किती जण, बाई की पुरुष, झालं की व्हायचंय, हे सगळं ते एका शेवटात सांगून टाकतं. समजा, घरच्या ग्रुपवर रात्री मेसेज आला, ‘बाबा हॉस्पिटलमध्ये’. एवढाच. बाबांना नेलंय, की बाबा कुणाला भेटायला गेलेत? ‘नेलंय’ आणि ‘गेलेत’ यांच्यात फार तर तीन-चार अक्षरांचा फरक असेल. पण तो फरक कळेपर्यंत दुसऱ्या गावातली मुलगी फोन लावत बसते, आणि तिकडे फोन उचलला जात नाही.

मग दोष रोमन लिपीचा का? तसंही म्हणता येत नाही, आणि याचा पुरावा गोव्यात आहे. १६१६ साली राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी रोमन, कारण छापायला देवनागरीचे खिळे नव्हते. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यात ‘ळ’ हरवत नाही: एल दोनदा आला की ळ वाचायचा. गोव्यातली रोमी कोंकणी आजही याच वाटेने चालते. ‘व्हड’ लिहिताना शेवटचा डी दोनदा येतो, ‘कोण’ लिहिताना एन दोनदा येतो, शब्दाच्या शेवटी एम आला की आवाज नाकातून काढायचा. या लिपीत नियतकालिकं निघाली, कादंबऱ्या आल्या, तियात्रांची गाणी छापली गेली, चर्चमधल्या प्रार्थना झाल्या. वाचणारा अडखळत नाही, कारण लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने काही गोष्टी आपसात ठरवून घेतलेल्या आहेत.

आपल्या मेसेजातल्या रोमन मराठीत कुणी काहीच ठरवलेलं नाही. एकच माणूस ‘छान’ हा शब्द सकाळी एका स्पेलिंगने लिहितो आणि संध्याकाळी दुसऱ्या. लिपी कुठलीही चालेल, पण तिच्यामागे काही करार हवा. तो नसेल तर वाचणाऱ्याला प्रत्येक मेसेज कोड्यासारखा सोडवावा लागतो.

लघुरूपांचंही तसंच. त्यांना नावं ठेवणारे विसरतात, की मराठी पत्रव्यवहार लघुरूपांनी भरलेला होता. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘ता. क.’. मोडी लिपीत तर ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे, आणि तिच्यावर शतकानुशतकं राज्यांचे कारभार चालले. पण जुन्या पत्रात लहान काय केलंय ते नीट पाहा. मायना लहान केलाय, नमस्कार लहान केलाय. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे वाचणाऱ्याला न वाचताही ठाऊक होतं. जे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणजे लग्न कोणत्या तिथीला ठरलं, कोण आजारी आहे, पैसे किती हवेत, ते पूर्ण शब्दांत लिहिलेलं असे. माहीत असलेलं आखूड आणि नवं असेल ते सविस्तर, असा तो साधा हिशेब होता.

आपण तो उलटा केला आहे. ‘गुड मॉर्निंग’ला गुलाब, सूर्योदय आणि चार ओळींचा सुविचार. मीटिंग कधी आहे, याला तीन अक्षरं.

इंग्रजीत या विषयावर डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाचं २००८ साली आलेलं पुस्तक गाजलं. टेक्स्टिंगमुळे भाषा बिघडते, ही ओरड त्यांनी खोडून काढली. शब्द आखूड करण्याची खोड जुनीच आहे, आणि स्पेलिंगशी खेळायला आधी स्पेलिंग यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे. फक्त ते आपल्याकडे आणताना एक अट जोडावी लागते. खेळ रंगतो तो दोघांना नियम माहीत असतात तेव्हा. ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत किंवा पुण्यातल्या हॉस्टेलवर एकाच ग्रुपमध्ये मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ बोलणारे लोक असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात रोमन अक्षरांचे उच्चार वेगळे असतात. तिथे एकाचा खेळ ही दुसऱ्याची परीक्षा होते.

दोन मित्रांनी आपसात काहीही लिहावं. त्यांची भाषा तिसऱ्याला कळू नये यातच मजा आहे. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलतो ती त्यासाठीच. महानुभाव पंथीयांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परक्याला ते वाचता येऊ नयेत हाच हेतू होता. तो इतका साधला, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांना किल्ली सापडेपर्यंत मराठीतलं आद्य गद्य बहुतेक अभ्यासकांच्या नजरेआडच राहिलं. लपवायचं असेल तर सांकेतिक लिहिणं हे कसब आहे. पण पाणी कधी बंद होणार, फी भरायची शेवटची तारीख कोणती, बस कुठून सुटणार, यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि इथेच मला या सगळ्यातली खरी अडचण दिसते. मेसेज आखूड लिहून पाठवणाऱ्याचे दहा सेकंद वाचतात. ते दहा सेकंद कुठे नाहीसे होत नाहीत, ते वाचणाऱ्यांच्या खात्यावर चढतात, तेही प्रत्येकाच्या. ग्रुपमध्ये साठ जण असतील तर साठ वेळा. हे कर्ज सगळ्यांना सारखं जड नसतं. ज्याला ग्रुपची सवय आहे, ज्याला इंग्रजी येतं, ज्याची ओळख आहे, तो अंदाजाने वाचतो किंवा बिनदिक्कत विचारतो. विचारायला कचरतो तो नवा भाडेकरू. नातवंडांनी नुकतंच ग्रुपवर घातलेल्या आजी. देवनागरी घडाघडा वाचणारी पण रोमन अक्षरांवर बोट ठेवून चालणारी, घरकाम करणारी बाई. आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत कबूल करायची लाज वाटते, म्हणून ही माणसं गप्प बसतात. पाठवणारा त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘सगळ्यांना कळलं’ असा घेतो. शंकाच आली नाही, म्हणजे मेसेज स्पष्टच होता!

याला उपाय म्हणून कुणी सगळं देवनागरीत लिहा असं म्हणेल. घरच्या ग्रुपवर ते उत्तमच. पण शेजारच्या तमिळ कुटुंबाला देवनागरी म्हणजे भिंत असू शकते, आणि रोमन अक्षरं त्यांना निदान चाचपडत तरी वाचता येतात. म्हणून लिपी कोणती, याचं उत्तर समोर कोण आहे ते पाहून द्यावं लागतं. बाकीच्या गोष्टी कुठल्याही लिपीत जमतात. वार न लिहिता तारीख लिहावी, वेळ आकड्यांत लिहावी. आकडा सगळ्या भाषांत आकडाच राहतो. ‘काल-कल’सारख्या दोन भाषांत दोन अर्थ असणाऱ्या शब्दांना मिश्र ग्रुपवर हात लावू नये. क्रियापद कापू नये. ‘१४ तारखेला, शनिवारी, संध्याकाळी ७ वाजता गच्चीवर मीटिंग आहे’, एवढं लिहायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही, आणि मग खाली ‘कुठे?’, ‘किती वाजता?’ असे अकरा मेसेज येत नाहीत.

मेसेज हा आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखनाचा सगळ्यात मोठा भाग आहे. कथा-कविता लिहिणारे थोडे, मेसेज लिहिणारे सगळे. त्यामुळे आपण लेखक म्हणून कसे आहोत, हे तिथेच ठरतं. वाचणाऱ्याचा विचार करतो की नाही, ही चांगल्या गद्याची पहिली कसोटी. ती पुस्तकाला जशी लागू आहे, तशीच चार शब्दांच्या निरोपालाही आहे. पुढच्या वेळी पाठवायचं बटण दाबण्याआधी ग्रुपमधल्या त्या एका माणसाला आठवावं, ज्याने आजवर कधीच काही विचारलेलं नाही. त्याला सगळं कळतं म्हणून तो गप्प आहे, असं समजण्याचं काही कारण नाही.