अहवाल आणि जनाजा यांच्या मधले दिवस

कर्करोग हा आपल्या कथेत आता नवखा राहिलेला नाही. मुस्लिम मराठी लेखकांच्या कथा आणि आत्मकथने आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत, आणि त्यांतल्या या आजाराची वाट आम्हाला आता पाठ झाली आहे. अहवाल येतो, मुंबईला टाटा रुग्णालयात फेऱ्या होतात, 'आता घरी घेऊन जा' असे डॉक्टर सांगतात आणि पुढच्याच परिच्छेदात अंगणात मय्यत ठेवलेली असते. लोबानचा धूर, कफनाचे कापड, खांदा द्यायला धावणारी माणसे यांचे वर्णन मात्र दोन-दोन पाने चालते. घरी आणल्यापासून मय्यत उठेपर्यंतचे पाच-सहा आठवडे गेले कुठे?

ते आठवडे नवऱ्याचे किंवा बायकोचे असतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने पुसायचे, चिघळलेल्या गाठीची दुर्गंधी कमी व्हावी म्हणून तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकायची. वेदनेसाठी मॉर्फीन द्यायचे आणि त्याने पोट जखडते म्हणून सोबत रेचकही द्यायचे. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे औषधच वेदनेत तळमळणाऱ्यांना दुर्मीळ करून टाकले होते. 2014च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. पण घरातला कुणी बुजुर्ग 'ही तर नशा' म्हणाला की ती पुन्हा बंद होते. गरजेपोटी औषध म्हणून घेतलेल्या मॉर्फीनला उलेमांची मनाई नाही, हे त्या बायकोने सासऱ्याला कसे समजावले असेल? या एका प्रसंगावर कथा उभी राहू शकते. आपल्या कथाकाराला तो दिसत नाही, कारण त्याची नजर आधीच कब्रस्तानाच्या रस्त्याला लागलेली असते.

आजारी बायको आणि तिची तीमारदारी करणारा नवरा हे जोडपे तर आपल्या साहित्यात आणखी विरळा. वास्तविक आपल्याकडे त्याला एक वेगळीच धार आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी, कोकणातले बहुतेक शाफई. हनफी मताप्रमाणे नवरा वारला तर बायको त्याला गुसल देऊ शकते, कारण ती इद्दतीत असते. बायको वारली तर मात्र नवऱ्याने तिला गुसल द्यायचे नाही, स्पर्श करायचा नाही. चेहरा पाहण्याची तेवढी मुभा. शाफई मताप्रमाणे तो तिला गुसल देऊ शकतो, आणि त्यासाठी हजरत अली (रजि.) यांनी हजरत फातिमा (रजि.) यांना गुसल दिल्याचा दाखला दिला जातो. मसल्याचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण कराडच्या किंवा लातूरच्या हनफी नवऱ्यासाठी बायकोचे केस विंचरण्याचे, तिचे पाय पुसण्याचे ते शेवटचे आठवडे म्हणजे स्पर्शाचे शेवटचे आठवडे असतात. श्वास थांबला की हातही थांबला. आमच्या वाचनात असा नवरा एकाही कथेत आला नाही.

'असले लिहिणे आपल्या अदबीत बसत नाही,' असे काही ज्येष्ठ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. इसवी सन 632 मधल्या त्या आजारपणाकडे पाहा. पैगंबर (स.) यांनी इतर पत्नींची परवानगी घेऊन हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी राहणे पसंत केले, दोघांच्या आधाराने येताना त्यांचे पाय जमिनीवर घासत होते, हे आपल्याला हदीसमधून कळते. नको म्हणून खूण करत असताना घरच्यांनी तोंडात औषध घातले, रोग्याला औषध नकोसेच असते असे समजून. आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याबद्दल सर्वांना बोल लावला. अखेरच्या घटकेला आयेशांनी मिसवाक स्वतःच्या दातांनी मऊ करून दिला. त्या वेदना पाहिल्यावर मरणाचा त्रास कुणासाठीही वाईट मानणे आपण सोडले, असे त्या सांगतात. पाण्याचे भांडे, ओला हात, पत्नीच्या छातीवर टेकलेले डोके हे सारे एका पत्नीने सांगितले आहे आणि बुखारींनी ते जपले आहे. तिथे अदब आड आली नाही. कर्करोगाच्या वेदना म्हणजे गुनाहांची सजा असा सूर आपल्या काही कथांत लागतो, त्यालाही इथे उत्तर आहे.

अलीकडच्या काळात मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' आपल्यासमोर आहे. हमीद दलवाई 3 मे 1977 रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. त्यांच्या विचारांवर आपल्यात उभे-आडवे मतभेद आहेत आणि या पुस्तकाची चर्चाही त्या मतभेदांतच अडकली. आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईचे कथन म्हणून ते वाचायला आपण विसरलो. उर्दूत सफिया अख्तर यांची पत्रे आहेत. तिथे सगळे उलटे: आजारी बायको दूर, नवरा जाँ निसार अख्तर मुंबईत चित्रपटांच्या धावपळीत. जानेवारी 1953 मध्ये ती गेली आणि मग त्यांनी 'खाक-ए-दिल' ही नज्म लिहिली. नज्मेची वाहवा झाली, ती रास्तच. पण आम्हाला पत्रे अधिक जवळची वाटतात. तिथे शोकाला लय सापडायची आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखकांनी हाताशी असून वापरलेली नाही. ज्या आजारात मृत्यू येतो त्याला फिकहमध्ये नावच आहे: मर्ज-उल-मौत. त्या काळात दिलेल्या हिब्यालाही मृत्युपत्रासारखी एक-तृतीयांशाची मर्यादा लागते. म्हणजे कायद्याला त्या आठवड्यांचे महत्त्व कळले, कथेला नाही. उलट मय्यत उचलताना विधवेला 'महर माफ केलास ना?' असे विचारले जाते, तो प्रसंग आपल्या कथांत हमखास येतो. ती मान हलवते, बायका रडतात, वाचकाचेही डोळे पाणावतात. महर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे, वारसांच्या वाटण्यांआधी ते फेडायचे असते, याची आठवण त्या गर्दीत कोण करून देणार? त्याआधी महिनाभर ती दोघे एकाच खोलीत होती. तो बोलू शकत होता. त्याने महरचा विषय काढला की टाळला, तिने 'राहू द्या' म्हटले की गप्प राहिली, तेव्हा दाराआड दीर उभा होता का, यातले काहीच लेखक आपल्याला सांगत नाही.