अज्ञातांचे संग्रहालय

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची थोरवी सांगताना वीस हजारांवर वस्तूंचा आकडा आवर्जून सांगितला जातो. परंतु काकासाहेब केळकरांचे (१८९६–१९९०) मोठेपण संख्येत नाही, निवडीत आहे. चष्म्याचा व्यवसाय सांभाळत सुमारे १९२० पासून त्यांनी हा संग्रह केला, बालवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्याला दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

इतरांची दृष्टी राजवैभवाकडे असताना केळकरांनी दिवे, दौती, अडकित्ते आणि पाय घासण्याच्या वज्री वेचल्या. नातेपुत्यातील जुन्या घरांच्या माळ्यावर सापडाव्यात अशाच या वस्तू! तळपायाखाली झिजणाऱ्या वज्रीवरही कारागिराने पक्षी घडविला, हे सौंदर्य त्यांनी ओळखले.

तथापि एक उणीव मनाला बोचते. काचेआड गेलेला अडकित्ता आपले घर आणि घडविणारा हात दोन्ही गमावतो. केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. ते नाव कवीने स्वेच्छेने धारण केले. कारागिरांच्या वाट्याला मात्र अज्ञातवास न मागता आला. वस्तू वाचली, नाव हरपले. हा दोष एकट्या संग्राहकाचा नव्हे. नाव जपण्याचे काम ज्या घरात वस्तू नांदली त्या घराचेही होते.

म्हणून वाचकहो, पितळेचे जुने भांडे मोडीत घालण्यापूर्वी ते कोणी घडविले, कोणाच्या लग्नात घरी आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. केळकरांचे अपुरे राहिलेले कार्य तेथून पुढे जाईल.