बिदरच्या दरबारातील दोन कथा

गेल्या वर्षी भालकीकडील एका देवळात दामाजीपंतांचे आख्यान ऐकण्याचा योग आला. बुवा तयारीचे होते. आवाज गोड, साथही उत्तम. परंतु उत्तररंगात त्यांनी बिदरचा बादशहा असा काही रंगविला की, तो माणूस न राहता केवळ एक भय होऊन बसला. दामाजीपंतांना बेड्या पडल्या, विठू आला, मोहरांची रास पडली, बादशहा थरथर कापू लागला आणि पंत सुटले. श्रोत्यांनी विठ्ठलनामाचा गजर केला. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ समाधानाने म्हणाले, “सुटले एकदाचे!” पंत सुटले खरे, पण कथा मात्र बुवांच्या हातून निसटली, असे मला वाटत राहिले. ती कोठे निसटली, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे.

आपण आधुनिक लघुकथेची चर्चा करतो तेव्हा पात्रे, कथानक आणि आशय या तीन अंगांनी तिचा विचार करतो. संतचरित्रांतील कथांना मात्र ही कसोटी लावण्यास आपण कचरतो. श्रद्धेच्या वस्तूची चिरफाड कशाला, असा त्यामागील भाव असतो. परंतु या कथा शतकानुशतके ऐकल्या गेल्या त्या केवळ श्रद्धेमुळे नव्हे. त्या उत्तम कथा आहेत म्हणूनही ऐकल्या गेल्या. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर याने इ. स. १९२७ साली केलेल्या विवेचनात एक साधा भेद सांगितला आहे. घटनांची नुसती ओळ म्हणजे कथानक नव्हे. एका घटनेतून दुसरी का निघाली, हे ज्यात कळते ते कथानक. हा भेद ध्यानी घेतला की चमत्कारकथेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. सर्व काही देवाच्या इच्छेनेच घडत असेल, तर कार्यकारणाला जागा कोठे उरली? आणि ती नसेल, तर कथानक तरी कसले?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या सीमाभागाशी निगडित अशा दोन कथांत फार चांगले सापडते. एक दामाजीपंतांची, महीपतीच्या ‘भक्तविजया’तली, हा ग्रंथ इ. स. १७६२ मध्ये पूर्ण झाला. दुसरी सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’तली, रजकाची. दोन्ही कथांच्या मध्यभागी बिदरचे सिंहासन आहे.

प्रथम दामाजीपंत पाहू. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला आहे. सरकारी धान्याची कोठारे पंतांच्या ताब्यात आहेत. पंढरपूरचा एक ब्राह्मण त्यांच्याकडे येतो. त्याला जेवावयास बसवितात. पान वाढलेले असता त्याच्या डोळ्यांना पाणी येते, कारण घरी मुलेबाळे उपाशी आहेत. संपूर्ण कथानकाचे बीज या एका अश्रूत आहे. पंत त्याला धान्य देतात. ते वाटेत भुकेले लोक लुटतात. मग लोकांची रीघ लागते आणि अखेर कोठारे उघडली जातात. हाताखालचा अधिकारी बिदरला कळवितो आणि बोलावणे येते. येथपर्यंत चमत्काराचा मागमूसही नाही. एक पायरी दुसरीतून निघते, आणि प्रत्येक पायरीवर थांबण्याची मोकळीक पंतांना आहे. ते थांबत नाहीत. आपण दिले ते आपले नव्हे, मालकाचे आहे, आणि त्याची किंमत आपल्याला मोजावी लागणार आहे, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. त्यांचे स्वभावचित्र या जाणिवेने उभे राहते. अजाण दात्यापेक्षा जाणता दाता मोठा, हे महीपतीला नेमके उमगले आहे.

यापुढे चमत्कार येतो. पण तो कसा येतो हे पाहण्यासारखे आहे. देव शंखचक्र घेऊन येत नाही. तो विठू महार होऊन, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन दरबारात उभा राहतो, जोहार करतो, लहानशी थैली रिकामी करतो आणि पैसे भरल्याची पावती मागून घेतो. हिशेबाच्या गुन्ह्याला हिशेबाचेच उत्तर! दरबाराची रीत देव मोडीत नाही, तो ती पाळतो. ती पावती पुढे पंतांना त्यांच्या पोथीत सापडते.

आता वाचकांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. या कथेत देवाचे दर्शन कोणाला घडले? भक्ताला नव्हे. पंत त्या वेळी बिदरच्या वाटेवर आहेत आणि त्यांच्या वाट्याला आला तो एक कागद. दर्शन घडले बादशहाला. तोच पंतांना विचारतो की तुमचा तो विठू पुन्हा केव्हा दिसेल, आणि त्या प्रश्नानेच पंतांना उलगडा होतो. देवाला आपल्यासाठी एवढे कष्ट पडले, या जाणिवेने ते रडतात आणि चाकरी सोडून पंढरीची वाट धरतात. म्हणजे कथेचा उत्कर्षबिंदू बेड्या तुटण्यात नसून या दोन माणसांच्या भेटीत आहे. एकाने पाहिले, पण ओळखले नाही; दुसऱ्याने ओळखले, पण पाहिले नाही. दोघांचे मिळून एक दर्शन पुरे होते. बादशहाला राक्षस केले की हा प्रसंगच उरत नाही, कारण राक्षस असे विचारीत नाही. बुवांच्या हातून कथा निसटली ती येथे.

दुसऱ्या कथेचा आरंभ कृष्णेच्या पात्रातील कुरवपुरास होतो. श्रीपादश्रीवल्लभ स्नानास येत, त्या वेळी एक रजक, म्हणजे परीट, त्यांना नित्य नमस्कार करी. वसंतऋतूत एके दिवशी नदीवर एक यवन राजा नौकाविहारास आला. वाद्ये, सैन्य, स्त्रियांचा परिवार असा तो थाट पाहता पाहता रजकाचे मन नमस्कारावरून ढळले. गुरूंनी विचारले, आणि त्याने मनातले काही लपविले नाही. या राजाने असे काय पुण्य केले असेल, याचे त्याला आश्चर्य वाटत होते. गुरू त्याला दटावीत नाहीत. इच्छा उरली आहे तर ती भोगून संपवावी लागेल, असे सांगून ते त्याला पुढच्या जन्मी बिदरचे, ग्रंथातील वैदुरी नगरीचे, राज्य देतात. रजक एवढेच मागतो की पुन्हा आपली भेट व्हावी. हा नववा अध्याय.

ही भेट होते पन्नासाव्या अध्यायात. मध्ये चाळीस अध्याय जातात आणि रजक जणू विस्मरणात जातो. सप्ताहाच्या एका रूढ विभागणीप्रमाणे पहिल्या दिवसाचे वाचन नवव्या अध्यायाशी थांबते. ऐकणाऱ्याला या कथेचा शेवट सातव्या दिवशी मिळतो. एवढा लांब श्वास आपल्या आधुनिक कथाकारांपैकी फार थोड्यांना साधला असेल.

राजाच्या अंगावर स्फोटक उठले आहे आणि वैद्यांचे उपाय हरले आहेत. पापविनाशी तीर्थावर भेटलेल्या यतीच्या सांगण्यावरून तो गाणगापुरी येतो. भीमा आणि अमरजा यांच्या संगमाचे हे क्षेत्र आज कलबुर्गी जिल्ह्यातील अफझलपूर तालुक्यात आहे. श्रीपादांचेच पुढचे रूप असलेले नृसिंहसरस्वती त्या वेळी संगमावर आहेत. राजा पालखीतून उतरून पायी येतो. गुरू त्याला राजा म्हणत नाहीत. रजक म्हणून हाक मारतात आणि इतके दिवस कोठे होतास, अशी जिव्हाळ्याची चौकशी करतात. त्या एका संबोधनाने राजाला पूर्वजन्म आठवतो आणि त्याला रडू येते. मग तो दुखण्याची गोष्ट काढतो, तेव्हा गुरू म्हणतात, कोठे आहे ते, पाहू. आणि पाहतो तो स्फोटक नाहीसे झालेले! क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी ओळख, मग रोगमुक्ती. रोग हे राजाला संगमावर आणण्याचे निमित्त होते. कथेला खरोखर हवी होती ती ओळख. येथेही चमत्कारामागे मानवी कारण आहे: क्षणभर ढळलेले मन, ते प्रांजळपणे सांगण्याचे धैर्य आणि भेटीची एक मागणी.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांच्या रचनेतील साम्य डोळ्यांत भरते. एकीत राजापुढे महार उभा राहतो आणि तो देव असतो. दुसरीत गुरूपुढे राजा उभा राहतो आणि तो परीट असतो. ज्यांना गावाने आणि देवळाने दूर ठेवले त्यांच्या रूपानेच दोन्ही कथांतील ओळख घडते. आणि ती घडते तीही परधर्मी राजाच्या ठिकाणी. राजाचा वाटा काढून घ्या, किंवा महार-परिटाचा काढून घ्या, उरलेली कथा लुळी पडते. आशय वरून चिकटविलेला नाही, तो कथानकाच्या सांध्यांतच आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

मात्र समीक्षकाने प्रेमापोटी आंधळे होऊ नये. बिदरच्या दरबाराचे चित्र सर्वत्र असे नाही. मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रेच्या कथेत त्या दरबाराचे बोलावणे हेच प्राणसंकट आहे, आणि त्यापुढे तिला विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवावा लागतो. संतकथा सत्तेची भाटगिरी करीत नाहीत. गुरुचरित्रातही संन्याशाने तुझ्या नगरात यावे कसे, अशी आडकाठी गुरू घेतात. शिवाय गुरुचरित्रकार वर्णव्यवस्था मानणारे आहेत. परिटाला राज्य मिळते, पण त्याच जन्मी आणि त्याच घरी नव्हे. त्यासाठी त्याला दुसरीकडे जन्म घ्यावा लागतो. ही ग्रंथाची मर्यादा आहे व ती झाकण्याचे कारण नाही. कथेच्या दृष्टीनेही एक दोष सांगावा लागेल. तीर्थावरच्या यतीच्या तोंडी ऋषभ योग्याची लांबलचक उपकथा घातल्याने ऐन उत्कंठेच्या जागी ओघ अडतो. तरीही एक गोष्ट खरी की, ग्रंथकाराच्या मतांपेक्षा त्याची कथा पुढे गेली आहे. यवन राजाच्या तोंडी त्याने जे विचार घातले आहेत, की गाईंचे रंग अनेक असले तरी दूध एकच, ते कोणत्याही कीर्तनात शोभावेत असे आहेत.

हे सारे आपल्या भागात घडले, हा योगायोग नव्हे. बहमनींची राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बिदरला आली, आणि मराठी, कानडी, तेलुगू, दखनी या भाषा एकाच बाजारात बोलल्या जाऊ लागल्या. सरस्वती गंगाधर स्वतः कानडी घरातले. मराठी आपली भाषा नव्हे, असे ते ग्रंथारंभीच सांगतात, आणि त्यांच्या ग्रंथात कानडी पदेही आहेत. ज्या पोथीचे सप्ताह महाराष्ट्रापासून गोमंतकापर्यंत मराठी व कोंकणी घरांत होतात, ती पोथी कानडी मातृभाषेच्या माणसाने रचलेली आहे, याचा आपल्याला विसर पडू नये. बिदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा वलीचा उरूस भरतो, त्यात लिंगायत जंगमाला मान असतो, आणि अनेक हिंदू त्या बहमनी राजाला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. इ. स. १९५६ साली बिदर जिल्ह्याचे भाषावार भाग पडले. भालकी, औराद, बसवकल्याणची मराठी घरे कानडी राज्यात आली. पण या कथा कोणत्याही एका बाजूस गेल्या नाहीत.

म्हणून कीर्तनकारांस आणि ते ऐकणाऱ्या आपणांस एक विनंती करावीशी वाटते. वेळ थोडा असेल तर मोहरांचे वर्णन आटोपते घ्यावे, पण जेवणाच्या पानावरचा अश्रू गाळू नये. बादशहाचा दरारा कमी रंगवावा, पण त्याचा प्रश्न वगळू नये. आणि विठूचा जोहार आला की क्षणभर थांबावे. ‘भक्तविजय’ पूर्ण झाल्यानंतर १८५ वर्षे ही कथा देवळादेवळांतून सांगितली गेली. तरीही ज्यांचा वेष देवाने घेतला, त्यांना पंढरीच्या देवळात जाता येत नव्हते. त्यासाठी इ. स. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरी उपोषण करावे लागले. एवढी वर्षे आपण पावतीच वाचीत होतो; ती आणून देणारा कोण, हे विचारण्याचे काम त्या कथेतला बादशहा तेवढा करीत होता.