आदर्कीच्या वळणावरची तार

पुणे-मिरज मार्गाचं विद्युतीकरण झालं तेव्हा कौतुक झालं ते इंजिनांचं आणि वाचलेल्या डिझेलचं. वरच्या तारेकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मला मात्र या सगळ्या कामात सर्वांत देखणी वाटते ती तारच. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ती जशी ओढली आहे, तशी ती सावकाश न्याहाळण्याजोगी आहे.

तिला यायला उशीर फार झाला. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. 1929 पर्यंत तार पुण्याला पोचली, 1930 मध्ये तिच्याखालून डेक्कन क्वीन धावू लागली, आणि दक्षिणेकडे तार तिथंच थांबली. पुढं मीटरगेज होतं. 1971 च्या सुमारास रूळ रुंद झाले, तरी माथ्यावरचं आभाळ मोकळंच राहिलं. त्याआधीच सातारा जिल्ह्यात कोयनेचं पाणी अडवून पोफळीला वीज तयार होऊ लागली होती. आज त्या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट आहे. त्या नदीचं नाव लावलेली कोयना एक्स्प्रेस मुंबईहून पुण्यापर्यंत विजेवर यायची. पुण्यात इंजिन बदलायचं आणि साताऱ्याच्या हद्दीत ती शिरायची डिझेलचा धूर सोडत. कोयनाकाठच्या माणसांनी घरं-शेतं सोडली त्या धरणासाठी. त्यांच्या जिल्ह्यातल्या रुळांवर वीज यायला आणखी साठेक वर्षं जावीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तारेकडे वळू. लांबून एक दिसते, पण खांबाखांबांच्या मध्ये तारा दोन असतात. वरची झोळासारखी वाकलेली, खालची सरळ. दोघींना जोडणाऱ्या बारीक उभ्या तारा मधोमध आखूड आणि खांबाजवळ लांब. स्वतःच्या वजनानं येणारा सगळा झोल वरचीनं अंगावर घ्यायचा, म्हणजे इंजिनाच्या टपावरून तारेतली वीज घेणाऱ्या पँटोग्राफला खालची तार सपाट मिळते. रुळापासून साधारण साडेपाच मीटर उंचीवर, पंचवीस हजार व्होल्ट वाहत असताना, ही सपाटी मैलोन्‌मैल राखायची असते.

सरळ दिसणारी ही तार खरं तर सरळ नाही. एका खांबाशी ती रुळांच्या मध्यापासून वीसेक सेंटिमीटर डावीकडे ओढलेली असते, पुढच्या खांबाशी तितकीच उजवीकडे. ती एकाच जागी घासत राहिली तर पँटोग्राफच्या पट्टीला खाच पडेल. नागमोडी असल्यामुळे पट्टी सगळीकडून सारखी झिजते. कोरेगाव ते रहिमतपूरच्या मोकळ्या शिवारात खिडकीतून वर पाहिलं की हे डावं-उजवं डोळ्यांना कळतं. सपाटीवर दोन खांबांत 72 मीटरपर्यंत अंतर चालतं.

खरी परीक्षा सालपे ते आदर्कीच्या घाटात. इथं रूळ वळतात, तार मात्र वळू शकत नाही. ताणलेली तार सरळच राहणार. म्हणून खांब जवळजवळ येतात आणि प्रत्येक खांब तिला बाहेरच्या अंगाला थोडं खेचून धरतो. लहान लहान सरळ तुकडे जोडत वळण साधलेलं असतं. जमिनीवरची रेषा गोल, वरची रेषा कोनांची, आणि दोन्ही कुठंही एकमेकींना सोडत नाहीत. मला हा सगळ्या मार्गावरचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. पूर्वी याच चढावर डिझेल इंजिनाचा धापा टाकणारा आवाज डोंगरभर घुमायचा. तो आवाज मलाही प्रिय होता. आता चढ शांतपणे चढला जातो, आणि नव्या जातीची विजेची इंजिनं उतारावर ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. उतरणाऱ्या गाडीची ताकद जवळपासच्या चढणाऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते.

तारेच्या प्रत्येक लांब तुकड्याच्या टोकाच्या खांबावर कप्पीला लोंबणारी वजनांची चळत असते. कऱ्हाडच्या मे महिन्यातल्या दुपारी तांब्याची तार तापून लांबते, वजनं खाली उतरतात. डिसेंबरच्या पहाटे ती आखडते, वजनं वर चढतात. ताण तेवढाच राहतो. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. हवा बदलली की तार उतरते, आणि मग मणी सरकवून सूर पुन्हा लावावा लागतो. इथं तेच काम ही वजनं माणसाचा हात न लागता रात्रंदिवस करतात.

तारेचा एक तुकडा मुद्दाम निर्जीव ठेवलेला असतो. शेजारशेजारच्या वीज उपकेंद्रांचे फेज वेगळे, ते एकमेकांना भिडता कामा नयेत. आधी 500 मीटरवर आणि मग 250 मीटरवर पाटी लागते, लोको पायलट ब्रेकर उघडतो आणि गाडी नुसत्या वेगावर तो तुकडा ओलांडते. गाडीला इंजिनातूनच वीज मिळत असेल, तर वातानुकूलित डब्यात पंख्याची घरघर क्षणभर थांबते. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही.

ताकारी-किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात या तारेची गाठ उसाशी पडते. फाटकांच्या दोन्ही अंगांना 4.67 मीटर उंचीची लोखंडी कमान असते. गळिताच्या हंगामात ट्रॉली भरताना ती उंची ध्यानात ठेवावी लागते. विजेच्या पंपांनी कृष्णेचं पाणी उचलून शेती उभी करणाऱ्या या भागाला विजेचा उपयोग आणि धाक दोन्ही जुने ओळखीचे आहेत.

मिरज जंक्शनचं यार्ड मला रुचत नाही. तिथं तारांवर तारा चढतात आणि रेषा हरवते. 16 सप्टेंबर 2024 पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत या तारेखालून धावते, पण तार पाहायला ती नको, वेग आड येतो. दुपारी पुण्याहून सुटणाऱ्या कोयनेनं जावं. मागच्या डब्यात बसावं. सालपे सोडलं की वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी धरावी. आपलंच इंजिन पुढं दिसतं, आणि पँटोग्राफवर तार डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट पाहता येते.